शिवाराचा चढ-उतार कागदावर: मराठवाड्यातल्या गावाचा भूरूप नकाशा कसा करावा

गटनकाशावर बांध दिसतात, गट क्रमांक दिसतात, पाणंद आणि नाला दिसतो. जमीन कुठे उंच आहे, कुठे लवण आहे, कोणत्या वावराचे पाणी कुणाच्या वावरात उतरते, हे त्यावर नसते. तो नकाशा हद्दीसाठी आणि साऱ्यासाठी केलेला आहे, चढ-उतारासाठी नव्हे. चर कुठे खोदायचे, बंधारा कुठे बसेल, ओघळ कुणाचे शेत खाते आहे, हे ठरवायचे तर दुसरा नकाशा लागतो: माथा, सोंडा, कडे, पायऱ्या, लवण आणि ओढे दाखवणारा. साधारण हजार हेक्टरच्या शिवाराचा असा नकाशा चार-पाच माणसांच्या गटाला एकूण महिन्याभराच्या कामात करता येतो. संगणकावरचे काम त्यात थोडे असते, पायपीट जास्त.

आधी जमीन समजून घ्या

मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. हे थर जवळजवळ आडवे, एकावर एक बसलेले आहेत. एकाच थराचा घट्ट भाग म्हणजे काळा पाषाण. वरचा भाग भोकाभोकांचा असून त्या भोकांत पांढरी खनिजे भरलेली असतात. त्याला आपल्याकडे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या, भुसभुशीत मातीसारखा पट्टा सापडतो. घट्ट पाषाण झिजायला चिवट असल्याने त्याचा उभा कडा राहतो. मांजऱ्या लवकर कुजतो आणि तिथे सपाट पायरी तयार होते. म्हणून बालाघाट असो की अजिंठ्याची रांग, डोंगराचा माथा सपाट आणि उतार पायरीपायरीचा दिसतो.

नकाशाचे सगळे काम या पायऱ्यांवर ठरते. पायरीवर माती साठते, पाणी मुरते, पायरीच्या खालच्या कडेला पाझर फुटतात. पायरी चुकली की चराची ओळ कातळावर येते आणि बंधारा कोरडा राहतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर, बिलोली, किनवट या बाजूला ग्रॅनाइट आणि नीस खडक उघडा पडतो. तिथे पायऱ्या नसतात. गोल धोंड्यांच्या टेकड्या आणि वाळूसर, उथळ माती असते. त्या भागात पुढची विहिरींची पद्धत जशीच्या तशी वापरू नका.

कागद आणि माहिती गोळा करणे

पहिला कागद भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा. एक पत्रक १५ मिनिटे अक्षांश गुणिले १५ मिनिटे रेखांश एवढे क्षेत्र दाखवते. जुन्या क्रमांकांनुसार छत्रपती संभाजीनगर ४७ एम/५ मध्ये, जालना ४७ एम/१३ मध्ये आणि लातूर ५६ बी/११ मध्ये येते. नव्या खुल्या मालिकेचे क्रमांक वेगळे आहेत, पण कोणते पत्रक हवे ते अक्षांश-रेखांशावरून लगेच सापडते. या प्रमाणावर १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, तेव्हा हजार हेक्टरचे शिवार ४० चौरस सेंटीमीटरांत मावते. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बहुधा २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. म्हणजे सहा-सात मीटर उंचीची पायरी दोन रेषांच्या मधे सहज हरवते. हा नकाशा दिशा दाखवायला आहे, बंधाऱ्याची जागा ठरवायला नाही.

उतार मात्र त्यावरून लगेच काढता येतो. दोन लगतच्या रेषा ४ मिलिमीटर अंतरावर असतील तर जमिनीवरचे अंतर २०० मीटर आणि चढ २० मीटर, म्हणजे उतार १० टक्के. त्याच रेषा २ सेंटीमीटर अंतरावर असतील तर उतार २ टक्के.

दुसरा कागद गटनकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातून. तिसरी गोष्ट उंचीची डिजिटल माहिती. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहावरून केलेले उंचीचे प्रारूप, म्हणजे चौकटी-चौकटीने उंची दिलेली फाइल, मिळते. एसआरटीएम आणि कोपर्निकस ही दोन्हीही ३० मीटर चौकटीची प्रारूपे फुकट आहेत. चौथी गोष्ट उपग्रहाचे छायाचित्र. ते एप्रिल-मे महिन्यातले घ्या. पिके निघालेली असल्याने मातीचा रंग, उघडा कातळ आणि ओघळ स्पष्ट दिसतात.

संगणकावरचा कच्चा नकाशा

क्यूजीआयएस ही नकाशे करायची मोफत संगणक प्रणाली या कामाला पुरेशी आहे. प्रारूप उतरवताना गावाच्या हद्दीपुरते कापू नका, चारही बाजूंनी किमान दोन किलोमीटर जास्त घ्या. पाणी गावाची शीव ओळखत नाही. वरच्या गावाचा माथा नकाशात आला नाही तर आपल्या नाल्याला किती पाणी येईल ते कळणार नाही.

मग नकाशाचे सगळे थर एकाच प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या एकाच पद्धतीत, आणा. मराठवाड्याला यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा पट्टा ४३ उत्तर लागतो, प्रणालीत निवडायचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. फक्त ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडचा भाग, म्हणजे किनवटचा परिसर, पट्टा ४४ मध्ये जातो. त्याचा क्रमांक ३२६४४. अंश-मिनिटांच्या प्रणालीत ठेवूनच उतार काढला तर आकडे अवाच्या सवा येतात, कारण आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये मोजली जाते. शिकाऊ माणसांच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

जुने छापील पत्रक स्कॅन करून बसवायचे असेल तर त्याचा आधार एव्हरेस्ट संदर्भ, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचे जुने गणिती माप, आहे हे विसरू नका. त्याचे कोपरे थेट डब्ल्यूजीएस ८४ चे, म्हणजे आजच्या उपग्रह-मापाचे, आकडे मानून बसवले तर सगळा नकाशा शंभर मीटरांच्या घरात सरकतो आणि ओढा शेजारच्या टेकाडावर चढलेला दिसतो. एव्हरेस्टमध्येच बसवा आणि नंतर रूपांतर करा. बसवल्यावर जुने देऊळ, पूल, तिठा अशा तीन-चार खुणा उपग्रह छायाचित्राशी ताडून पाहा.

आता क्रमाने चला. प्रारूपातले खोटे खड्डे भरून घ्या. उतार टक्क्यांत काढा. ५ मीटर अंतराने समोच्च रेषा काढा. ३० मीटर चौकटीच्या प्रारूपातून १ मीटरच्या रेषा काढू नका. त्या सुबक दिसतात, पण त्यातला तपशील यंत्राने भरलेला असतो. शेवटी प्रवाह-संचयावरून, म्हणजे प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचे पाणी येते त्यावरून, ओढ्यांचे जाळे काढा. किती चौकटींचे पाणी जमल्यावर ओढा धरायचा हे आपण ठरवायचे असते. एक चौकट ९०० चौरस मीटरची, म्हणजे १०० चौकटी ९ हेक्टर. डोंगराळ भागात १०० पासून सुरुवात करा. सपाट काळ्या रानात ५०० च्या खाली गेलात तर एकमेकांना समांतर, सरळ रेषांचे खोटे ओढे निघतात.

कच्चा नकाशा कुठे फसवतो तेही आधीच माहीत असावे. कालव्याचा किंवा रस्त्याचा भराव प्रारूपाला धरणाच्या भिंतीसारखा दिसतो. त्याखालची मोरी त्याला दिसत नाही, म्हणून ओढा भरावाला समांतर वळवलेला दिसतो. उसाचा फड आणि दाट झाडी जमिनीत धरली जाते, तिथे उंची वाढते. तलावाचा पृष्ठभाग सपाट मैदान होतो. आणि नदीकाठची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, नैसर्गिक टेकडीसारखे दिसते. तेर आणि पैठण परिसरात अशी टेकाडे आहेत. त्यांना वेगळी खूण द्या, तिथे खोदकाम सुचवू नका.

माथ्यापासून चालायला सुरुवात

पायी पाहणी दोनदा करावी. पहिली फेरी फेब्रुवारी ते मे या काळात, रान मोकळे असताना. दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये मोठा पाऊस थांबल्यावर लगेच, पाणी वाहत असतानाच. पहिल्या फेरीत जमिनीचा आकार कळतो, दुसऱ्या फेरीत पाण्याची खरी वाट.

बहुतेक जण ओढ्याच्या काठाने सुरुवात करतात. तसे करू नका. आधी दुभाजक चाला, म्हणजे जिथून एका बाजूचे पाणी इकडे आणि दुसऱ्या बाजूचे तिकडे जाते ती माथ्याची रेषा. ही रेषा पक्की झाली की तिच्या आतला प्रत्येक ओढा आपला आणि बाहेरचा दुसऱ्याचा, हा हिशेब एकदाच मिटतो. बालाघाटावर याचे महत्त्व फार. पाटोद्याच्या डोंगराळ भागातून मांजरा निघते आणि सिंदफणाही, तर आष्टीच्या बाजूचे पाणी सीनेकडे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात जाते. अशा गावात एकाच पठारावरचे दोन शेजारी गट दोन वेगळ्या नद्यांना पाणी देतात. सपाट पठारावर दुभाजक डोळ्यांनी ओळखता येत नाही. तिथे पुढे दिलेली पाणनळी लावूनच पाहावे लागते.

चालताना मोबाइलवर मार्ग नोंदवत राहा. उघड्या आकाशाखाली जागेची अचूकता ३ ते ५ मीटर मिळते, घळीत आणि दाट झाडीत ती बिघडते. प्रत्येक महत्त्वाच्या बिंदूवर एक मिनिट थांबून सरासरी घ्या. मोबाइलने दाखवलेल्या उंचीवर भिस्त ठेवू नका. अनेक अॅप उपग्रहाच्या लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, उंची दाखवतात. आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा कित्येक मीटर कमी येते, शिवाय जागच्या जागी वर-खाली होत राहते.

होकायंत्र वापरत असाल तर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इथे एका अंशाच्या आत आहे, तो सोडून दिला तरी चालेल. त्रास वेगळाच असतो. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या या लाव्हाच्या खडकात, लोहखनिज असते. उघड्या कातळावर, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यांवर, सुई कित्येक अंशांनी भरकटते. म्हणून यंत्र कातळावर टेकवू नका, छातीच्या उंचीवर धरा आणि दिशा दोन्ही टोकांवरून घ्या. पुढची आणि परतीची दिशा यांत १८० अंशांचा फरक आला नाही तर त्यातली एक जागा बाधित आहे. तिथून काही पावले सरकून पुन्हा घ्या.

उतार आणि पातळी मोजणे

पाणनळी, म्हणजे गावोगाव हायड्रोमार्कर म्हणून ओळखले जाणारे साधन, या कामाला उत्तम. १२ मीटर अंतराला पुरून दोन्ही पट्ट्यांवर चढेल एवढी लांब पारदर्शक नळी आणि सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या पट्ट्या, प्रत्येकी दीड ते दोन मीटर उंच. नळीत पाणी एका टोकाने हळूहळू भरा, वाटल्यास त्यात चिमूटभर रंग टाका. नळीत बुडबुडा राहिला की वाचन खोटे ठरते, म्हणून नळी जमिनीवर सरळ पसरून बोटाने टिचक्या मारत सगळे बुडबुडे टोकाकडे सारा. मग दोन्ही पट्ट्या एकाच जागी शेजारी उभ्या करा. दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आले पाहिजे. ही तपासणी सकाळी, दुपारी आणि नळी सांडली असेल त्या प्रत्येक वेळी करा.

एक जण पट्टी वरच्या बिंदूवर धरतो, दुसरा खाली १२ मीटरवर. पाणी हलायचे थांबले की दोघे एकाच वेळी आकडा मोठ्याने वाचतात. वरच्या जागी आकडा लहान, खालच्या जागी मोठा येतो. फरक ३६ सेंटीमीटर आणि अंतर १२ मीटर, तर उतार ३ टक्के. नळी नेताना दोन्ही तोंडे अंगठ्याने दाबून धरा. दुपारच्या उन्हात अर्धी नळी तापते आणि अर्धी सावलीत राहते, शिवाय पाण्यात नवे बुडबुडे धरतात, तेव्हा मे महिन्यात सकाळी अकराच्या आत काम उरका. उतार १२ टक्क्यांच्या वर गेला की पट्टी अपुरी पडते. तिथे अंतर निम्मे करा.

लांबवर पातळी न्यायची असेल तर ऑटो लेव्हल, म्हणजे तिवईवरचे दुर्बिणीचे पातळी-यंत्र, भाड्याने घ्या. गावातली न हलणारी एक खूण निवडा, शाळेची दगडी पायरी किंवा देवळाचा ओटा, आणि तिला १००.००० मीटर ही उंची द्या. यंत्र लावून त्या खुणेवरच्या स्टाफचे (आकडे लिहिलेल्या उभ्या पट्टीचे) वाचन १.२५० आले, तर यंत्राची उंची १०१.२५०. पुढच्या बिंदूवर वाचन २.८३०, तर त्याची उंची ९८.४२०. उंची माहीत असलेल्या जागेवरचे वाचन मागचे, नव्या बिंदूवरचे पुढचे. असे करत फिरून पुन्हा पहिल्या खुणेवर या. मागच्या वाचनांची बेरीज वजा पुढच्या वाचनांची बेरीज शून्याच्या जवळ यायला हवी. फेरी चार किलोमीटरची असेल तर ४८ मिलिमीटरपर्यंतची चूक साध्या कामाला चालते (२४ गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचे वर्गमूळ). त्याहून जास्त आली तर आकडे जुळवून घेऊ नका, फेरी पुन्हा करा. पुढचे आणि मागचे अंतर सारखे ठेवले की यंत्रातला दोष आपोआप कटतो.

विहिरी: पायऱ्यांचा पुरावा

भूरूपाच्या पुस्तकांत कामाचा हा टप्पा सहसा येत नाही, पण मराठवाड्यात तोच सर्वांत जास्त देऊन जातो. बांधकाम न झालेली प्रत्येक विहीर म्हणजे जमिनीचा उघडा छेद. उन्हाळ्यात, पाणी खोल गेलेले असताना, शिवारातल्या २०-२५ विहिरींच्या भिंती वरून पाहा. आत उतरू नका. वजन बांधलेली टेप सोडा आणि कठड्याजवळच्या जमिनीपासून नोंदवा: काळी माती कुठवर, मुरूम कुठवर, मांजऱ्या कुठून सुरू, तांबडा पट्टा किती खोलीवर, काळा पाषाण कुठे लागला, पाझर कोणत्या खोलीवर. आरसा धरून ऊन आत टाकले की रंग ओळखता येतात. खोदताना काय लागले हे मालकाला बिनचूक आठवत असते. तेही लिहा, पण आपण पाहिलेल्यापासून वेगळ्या रकान्यात.

आता विहिरीच्या तोंडाची उंची (गावातल्या १००.००० च्या खुणेपासून काढलेली) आणि खोली यांची वजाबाकी करा. तोंड ९९.६ वर, तांबडा पट्टा ७.१ मीटर खोल, तर पट्ट्याची उंची ९२.५. दुसऱ्या विहिरीचे तोंड ९६.० वर आणि पट्टा ३.४ मीटरवर, तर ९२.६. दोन्ही आकडे जुळले याचा अर्थ दोन्ही विहिरी एकाच थरसंधीला भेटतात. आता समोरच्या डोंगरउतारावर ९२-९३ ची रेषा शोधा. तिथे पायरी, ओलसर गवताचा पट्टा किंवा झाडांची आडवी रांग दिसायला हवी. दिसली तर ती पायरी पूर्ण शिवारभर त्याच उंचीवर नकाशात ओढता येते. मधेच आकडा दोन-तीन मीटरने ढळला तर घाबरू नका. थर अगदी हलक्या उताराने कललेले असतात आणि तांबडा पट्टा सलग असेलच असे नाही. पण एकाच ठिकाणी दहा मीटरांची उडी दिसली तर बहुधा तो दुसराच थर आहे, नाहीतर विहिरीच्या तोंडाची पातळी घेताना चूक झाली आहे. आधी दुसरी शक्यता तपासा.

नकाशावर काय आणि कसे दाखवावे

प्रमाण १:५,००० ठेवा. साधारण तीन-सव्वातीन किलोमीटर लांबी-रुंदीचे शिवार ६५ सेंटीमीटरांत बसते आणि ए-झिरो कागदावर सूचीला जागा उरते. उताराचे वर्ग टक्क्यांत करा: ० ते १, १ ते ३, ३ ते ५, ५ ते १०, १० ते १५, १५ ते २५ आणि त्यावर. रंग फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीकडे जाऊ द्या. हिरवा आणि निळा उताराला वापरू नका, ते वनस्पती आणि पाण्यासाठी राखून ठेवा.

कड्याला दातेरी रेषा, दात उताराकडे. पायरीला तुटक रेषा, तिच्यावर विहिरींतून आलेली उंची लिहिलेली. माथ्याची रेषा ठळक लाल. ओढ्यांना क्रम द्या: डोक्याची विनाफाट्याची ओघळ पहिल्या क्रमाची, दोन पहिल्या मिळून दुसरा, दोन दुसऱ्या मिळून तिसरा. दुसऱ्या क्रमाला पहिला येऊन मिळाला तर क्रम वाढत नाही. गावाने स्वतः घ्यायची बहुतेक कामे पहिल्या-दुसऱ्या क्रमाच्या ओघळींवर असतात, म्हणून त्या सुटू देऊ नका.

ओघळीचे डोके, म्हणजे जिथून ती मागे सरकत शेत खाते ती जागा, वेगळ्या खुणेने दाखवा. गोदावरी आणि पूर्णेच्या काठच्या खोल गाळाच्या जमिनीत हे डोके एकाच पावसाळ्यात बरेच मागे सरकू शकते. त्याच्या वर, शाबूत जमिनीत, पाच आणि दहा मीटरवर दोन लोखंडी खुंट्या ठोका, अंतर लिहून ठेवा आणि दिवाळीनंतर पुन्हा मोजा.

मातीचे पट्टे शेतकऱ्यांच्या शब्दांत लिहा: बरड, मुरमाड, हलकी, मध्यम, भारी काळी, चोपण. खोली कुदळीने किंवा उघड्या ओघळीच्या काठावरून तपासा. मुरमाड जमीन उतारावर कुठे संपते आणि काळी कुठे सुरू होते ही सीमा बहुतेक वेळा उताराच्या मोडीशी जुळते. जुळत नसेल तर तिथे माती वाहून आली आहे किंवा कुणी भर टाकली आहे. मालकाला विचारा.

कच्चा नकाशा तयार झाला की तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आठवडाभर लावा, शेजारी पेन्सिल बांधून. गुराखी आणि जुने सालदार त्यात सर्वांत जास्त दुरुस्त्या करतील. कोणता नाला पूर्वी कुठून वाहायचा आणि कुणी वळवला, हे त्यांनाच माहीत असते. प्रत्येक दुरुस्ती जागेवर जाऊन पाहा आणि मगच शाईने ओढा. अंतिम प्रतीच्या कोपऱ्यात प्रमाण, उत्तर दिशा, प्रक्षेपण, पातळीची मूळ खूण कोणती, उंचीचे प्रारूप कोणते आणि दोन्ही पाहणी फेऱ्यांचे महिने लिहा. मूळ खुणेचा जवळून काढलेला फोटो मागे चिकटवा, कारण ओट्याला पुढे फरशी बसवली की तीन-चार सेंटीमीटरांनी उंची बदलते आणि पुढच्या वर्षीची सगळी वाचने तेवढीच चुकतात.